पाना धरणारा स्पीकर

स्पीकर कळावा तर मलाच, असा माझा माज होता. मी चौथी शिकलेला माणूस. दुसरं काही येत नव्हतं, पण स्पीकर येत होता. काष्टीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर तीस-बत्तीस वर्षं मी लाऊडस्पीकरचा सेट भाड्याने दिला. लग्न, जावळ, कुस्त्या, निवडणूक, कुठेही कर्णा झाडाला बांधलेला दिसला की तो माझा. आमच्या वस्तीची जयंती मी फुकट वाजवायचो. बाकी कुणाला सोडायचो नाही.

नवा स्पीकर घ्यायचा तर आमच्या धंद्यात एकच परीक्षा. स्पीकर उलटा करायचा आणि त्याच्या मागच्या लोहचुंबकाला लोखंडी पाना लावायचा. पाना खटकन बसला आणि ओढून काढताना मनगटाला हिसका बसला, तर माल खरा. पाना घसरला तर दुकानदाराला रामराम करायचा. चुंबक जेवढा जड, तेवढा आवाजाला दम. हे मला कुणी शिकवलं नाही. हात भाजून, पैसे घालवून शिकलो. एक दहा नंबरचा पाना कायम माझ्या पैरणीच्या खिशात असायचा. खिसा फाटायचा, बायको शिवायची, शिव्या द्यायची.

त्याच पान्याने मला असा एक दिवस दाखवला की त्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही. तोच सांगतो.

त्याच्या आधी बायको कशी गेली ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सकाळची वेळ. मी ओसरीवर मशीन उघडून बसलो होतो. मशीन म्हणजे आवाज वाढवायचा अँप्लिफायर. ती चुलीवर दूध ठेवून परड्यात गोवऱ्या काढायला गेली. परत आली ती डाव्या हाताचं बोट उजव्या मुठीत धरून. ओरडली नाही, काही नाही. म्हणाली, "अहो, मला कायतरी डसलं." मी हातात होती ती स्पीकरची वायर तिच्या दंडाला आवळून बांधली. जीप मिळायला तास गेला. श्रीगोंद्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. अकराच्या सुमाराला ती गेली. सकाळी सातला गोवऱ्या काढणारी बाई अकराला नाही. माझ्या डोक्यात हे तेव्हाही बसलं नाही, आताही बसत नाही.

आम्हाला एकच मुलगी. ती तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर शिकून तिथंच टायपिंगच्या कामाला लागली होती. तिला फोन गेला. ती निघाली. लोक म्हणाले, पोरगी येईपर्यंत थांबू, एकुलती एक लेक आहे, आईचं शेवटचं तोंड बघू दे. मी म्हणालो, "न्हाई थांबायचं." भावकीतली म्हातारी माणसं माझ्या अंगावर आली. मी त्यांच्यावर ओरडलो. चारला आम्ही तिला अग्नी दिला. पोरगी साडेसहाला एसटीतून उतरली. हातात आईसाठी घेतलेलं चपलांचं खोकं तसंच होतं. फोनवर तिला आई लई आजारी आहे, एवढंच सांगितलं होतं.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अडीच तास थांबवलं नाही तुमच्याकडून?"

मी काय सांगणार होतो? दवाखान्यातून आणली तेव्हा तोंडावरची चादर मी स्वतः उचलून बघितली होती. डावा गाल निळा-जांभळा झालेला. ओठ काळे-हिरवे पडलेले. एवढी गोरीगोमटी बाई, तिचं ते तोंड माझं मलाच ओळखेना. मी म्हटलं, हे पोरीच्या डोळ्यात राहायला नको. राहायचं तर माझ्या राहू दे. मी अंघोळ घालणाऱ्या दोघी बायकांना ताकीद दिली. एक आता हयात नाही. दुसरी माझी धाकटी भावजय. तिला म्हणालो, "धाकटे, हे बाहेर बोलायचं न्हाई. पोरीला तर अजिबात न्हाई." ती म्हणाली, "माझ्याकडनं न्हाई निघायचं, भावजी." तोंड झाकूनच तिरडी बांधली. लोकांना वाटलं, म्हातारा दगड आहे.

पोरीलाही तेच वाटलं. वर्षभर ती माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडं बोलली नाही. "जेवलात?" "गोळी घेतली?" एवढंच. पुण्याहून परत आली, पण गावात राहायला आली नाही. श्रीगोंद्यात स्टँडजवळ खताच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि तिथं कॉम्प्युटरचा क्लास काढायचं ठरवलं. मी सेट विकून टाकला होता. बायको गेल्यावर कुणाच्या लग्नात कर्णा बांधायला माझा हात वर होत नव्हता. फक्त पाना ठेवला होता, का ते माहीत नाही.

एक दिवस पोरगी घरी आली. उंबऱ्यावर बसली, चपला न काढता. म्हणाली, "आबा, कॉम्प्युटर आला. पण त्याच्याबरोबर स्पीकर नाहीत. मी जाहिरातीच्या कागदावर 'बोलणारा कॉम्प्युटर' छापून बसलेय."

मी म्हटलं, "मंग?"

"मग काय? स्पीकर घ्यायचेत. त्यातलं तुम्हाला कळतं." थोडं थांबून म्हणाली, "नगरला जाऊन आणाल?"

वर्षभरात तिने मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी लगेच हो म्हणालो नाही. म्हटलं, "बघतो जमलं तर." ती गेल्यावर उठून पैरण घातली, खिशात पाना आहे का चाचपलं. माझ्या मनात एकच होतं. हे काम असं करायचं, असं करायचं, की पोरीने एकदा तरी माझ्याकडे नीट बघावं. दुसरं मला आयुष्यात काही नको होतं.

नगरला दुकान सापडायला वेळ लागला नाही. आत रेडिओ-टेपचा माल एका बाजूला, कॉम्प्युटरचा दुसऱ्या बाजूला. दुकानदार तिशी-पस्तिशीतला, चष्मेवाला, बोलायला गोड.

"या बाबा, बसा. काय दाखवू?"

"कॉम्प्युटरला स्पीकर पायजेत."

त्याने दोन पांढरे प्लास्टिकचे डबे काढून काचेवर ठेवले. मला धक्काच बसला. वीतभर उंची.

मी म्हणालो, "ह्यो काय? मिठाची बरणी हाय का स्पीकर?"

तो हसला. "आधी ऐका तर खरं."

त्याने लावून दाखवले. आवाज वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. स्वच्छ होता, प्रत्येक शब्द सुटा. एवढ्याशा डब्यातून असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पण मी कानाने ऐकतच नव्हतो. आमच्या धंद्यातला माणूस आधी हाताने ऐकतो. मी डबा उलटा केला, पाना काढला आणि मागं लावला. पाना घसरून काचेवर पडला.

"अहो बाबा, काच!"

"ह्याच्यात चुंबकच न्हाई तर!"

"आहे बाबा, चुंबक आहे. त्याच्यावर पत्र्याची टोपी बसवलेली असते. झाकलेला असतो, म्हणून बाहेर ओढत नाही."

"झाकायचं कशापायी? चोरीचा हाय का?"

शेजारी एक गिऱ्हाईक टेपचे सेल घेत उभं होतं, ते फस्सकन हसलं. दुकानदाराने मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. कॉम्प्युटरचा पडदा टीव्हीसारखा असतो. उघडा चुंबक जवळ आला तर त्याचे रंग बिघडतात. शेजारी फ्लॉपी ठेवली तर तिच्यावरचं लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून कॉम्प्युटरच्या स्पीकरचा चुंबक झाकून ठेवतात.

मी म्हटलं, "बत्तीस वर्षं स्पीकर वाजवतोय मी. आजपत्तुर कुनाचा रंग बिघडला न्हाई. उलट नवरीच्या बापाचा बिल बघून बिघडला आसंल."

गिऱ्हाईक परत हसलं, दुकानदारही हसला. ते हसले म्हणजे मीच बरोबर, असं मला वाटलं. माणसाचं डोकं किती खुळं असतं बघा.

मग माझी नजर खालच्या फळीवर गेली. तिथं दोन लाकडी डबे होते, काळा रंग दिलेले, पुढं जाळी. एक उचलला तर हात खाली गेला. असा वजनदार माल पाहिजे! मागची फळी चार स्क्रूंवर होती, ती मी त्याला काढायला लावली. आत भाकरीएवढा चुंबक. पाना जवळ नेला, तर बोटभर अंतरावरून तो हातातून सुटला आणि खटकन जाऊन बसला. काढताना मनगट दुखलं. मला काय आनंद झाला! वर्षभरात तेवढा आनंद झाला नव्हता.

"ह्येच द्या."

"बाबा, हे टेपचे आहेत."

"आवाज टेपचा काय आन् कॉम्प्युटरचा काय. जोडून मिळत्याल का?"

"जोडून देतो. पिन बदलतो, छोटं मशीन देतो सोबत." त्याने चष्मा वर केला. "पण एक ऐका माझं. हे पडद्यापासून दोन हात लांब ठेवायचे. लक्षात राहील ना?"

"व्हय व्हय."

"बाबा, दोन हात."

"आरं व्हय म्हनलं की!"

एसटीत दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसलो. पिशवीत बायकोचा अडकित्ता होता. ती गेल्यापासून मी तिचीच सुपारी तिच्याच अडकित्त्याने खातो. तो पिशवीच्या कापडातून डब्याला मागून चिकटला, काढून काढून निघेना. मी कौतुकाने शेजारच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, "लई जोर हाय की!" मी म्हणालो, "मंग!"

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. मी आठलाच पोचलो. खोलीत सतरंजी, खुर्च्या, भिंतीला नवा रंग. मधल्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर बायकोचं लुगडं पांघरलेलं. पिवळं, हिरव्या काठाचं. मी दारातच थांबलो.

पोरगी म्हणाली, "आत या की. फीत-बीत काही कापायची नाही. आईचं लुगडं बाजूला करून सुरू करायचं. काकीच्या हाताने."

"चालू हाय व्हय ते? आतून उजेड दिसतोय."

"चालू करूनच झाकलंय. आत काय आहे ते बघायचं नाही हां आत्ता. सगळ्यांबरोबर बघायचं." आणि ती हसली. जराशीच, पण हसली. माझ्याकडे बघून.

मी डबे दाखवले. तिने एक उचलला. "बाप रे. केवढे जड! आबा, कॉम्प्युटरचे एवढे मोठे नसतात ना?"

"नसत्याल. म्हनून तर आनले. आवाज बघ नुसता."

"बरं." ती वायरी घेऊन टेबलाखाली वाकली. "कुठं ठेवू? टेबल लहान आहे. भिंतीकडच्या दोन स्टुलांवर ठेवू का?"

ती स्टुलं दोन हातांवर होती. बरोबर दोन हात. दुकानदाराचं बोलणं मला आठवलं, अगदी त्याचा चष्मा वर करणं आठवलं. पण आमच्या धंद्यात आणखी एक शिस्त असते. बोलणारा जिथं उभा, कर्णा त्याच्या जवळात जवळ बांधायचा. माणूस इकडं आणि आवाज तिकडून आला की लोकांचं मन उडतं. मी म्हणालो, "लांब न्हाई ठेवायचे. आवाज तोंडातनं आल्यासारखा वाटला पायजे."

तिने मान हलवली. तिने माझं ऐकलं. मी लुगड्याखालून हात घातला आणि दोन्ही डबे पडद्याला दोन्हीकडून घट्ट भिडवले, आतलं काही न बघता. तिने सांगितलं होतं ना, बघायचं नाही.

साडेनऊपर्यंत माणसं जमली. शेजारपाजारचे, तिच्याबरोबर शाळेत असलेल्या दोघी-तिघी, आपली पोरं घेऊन आलेले आईबाप. खालचा खतवाला घरमालक नारळ घेऊन आला. त्याला पोरगी म्हणाली, "काका, आमच्यात फोडत नाहीत. पण खोबरं आवडतं, तुम्ही खाली फोडा आणि वर पाठवा." तो हसला आणि मला म्हणाला, "आबा, कर्णा न्हाई का बांधला गच्चीवर? तुमच्याशिवाय उद्घाटन म्हंजी मिठाबिगर आमटी." मी म्हटलं, "थांबा जरा. आज कर्ण्याच्या वर हाय."

पोरीने मेणबत्ती लावली. आम्ही बुद्धवंदना म्हटली. मग तिने सांगितलं, "आता काकी लुगडं बाजूला करेल, मी बटण दाबेन आणि कॉम्प्युटर स्वतः तुमच्याशी बोलेल." माझी धाकटी भावजय पुढं झाली. नवं लुगडं नेसून आली होती, लाजत होती. दोन बोटांनी काठ धरला आणि लुगडं उचललं.

आत बायकोचा फोटो होता. पोरीने कुठूनतरी मोठा करून आणलेला, सगळा पडदा भरून. पुतण्याच्या लग्नातला. मला तो दिवस माहीत होता. मी माईक तपासत होतो, आणि ती समोरून जाताना म्हणाली होती, "किती येळा हॅलो म्हनताय? पलीकडं कुनी हाय का?" आणि स्वतःच हसली होती. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. तोच हसरा फोटो.

पण डावा गाल निळा-जांभळा होता. ओठ काळे-हिरवे. उजवीकडं कपाळापासून कानापर्यंत हिरवट छटा, आणि तोंड तसंच हसत होतं.

त्याच वेळेला पोरीने बटण दाबलं, आणि तिचाच आवाज, आधी भरून ठेवलेला, त्या दोन डब्यांतून आला. "नमस्कार! आपल्या सगळ्यांचं मनापासून स्वागत आहे." आवाज असा आला की खिडकीची तावदानं हलली. पाना आवाजाच्या बाबतीत खोटं बोलला नव्हता. आणि मी सांगितल्याप्रमाणे आवाज बरोबर त्या तोंडातून आला.

मी खुर्ची धरली.

भावजय किंचाळली, "अगं बया! त्या दिशीसारखंच झालं गं तोंड! अंघूळ घातली तवा आसंच, आसंच हुतं..." आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. पण निघायचं ते निघून गेलं होतं.

घरमालक ओरडला, "करंट उतरला का काय? बंद करा, बंद करा!" तो बटणाकडं धावला.

पोरगी म्हणाली, "कुणी हात लावायचा नाही."

ती हळू बोलली, पण तो जागच्या जागी थांबला. सगळी खोली थांबली. एक बारकं पोर रडायला लागलं, त्याला घेऊन त्याची आई बाहेर गेली. तिच्यामागं एकेक जण निघाला. पाच मिनिटांत खोलीत आम्ही तिघंच.

"काकी, काय म्हणालीस?"

भावजय माझ्याकडं बघायला लागली.

"त्यांच्याकडं नको बघूस. मी विचारतेय."

"म्या वचन दिल्तं गं भावजींना," म्हणून ती खाली बसली आणि पदर तोंडात घालून रडायला लागली.

मग पोरगी माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता संपलं. पहिलं काम दिलं आणि म्हाताऱ्याने त्याचीही माती केली. आईच्या फोटोचं तोंड काळं केलं, क्लासमधून माणसं पळवली. आता ही मला दार दाखवणार. मी खिशातला पाना घट्ट धरला होता, हाताला रग लागली होती.

"आबा, म्हणून थांबला नाहीत का?"

मी म्हटलं, "व्हय."

"हे असं होतं?"

"आसंच. डावा गाल असाच. उजवीकडं नव्हतं एवढं." मला नीट सांगायचं होतं, चुकीचं काही जायला नको होतं. "व्हट असेच. पर तोंड मिटलेलं हुतं, हसत नव्हती."

"आणि डोळे?"

"मीच मिटले."

"काही बोलली का?"

"जीपमधी बोलली. दूध उतू गेलं आसंल, म्हनली. मी म्हनलं, जाऊ दे. तर म्हनली, जाऊ दे काय, म्हशीनं कष्टानं दिलंय."

पोरीच्या तोंडातून हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसणं नव्हतं. मी पडद्याकडं सरकलो. तिला म्हटलं, "ह्ये डबे लांब केले की जाईल. दुकानदार सांगत हुता, मीच ऐकलं न्हाई." एका डब्याला हात घातला.

"राहू द्या."

"अगं पन..."

"राहू द्या म्हणते ना, आबा. हलवू नका."

तिने खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली. जवळ, अगदी गुडघे टेबलाला लागतील एवढी जवळ. आणि बघत बसली. तो निळा गाल, ते ओठ, सगळं. मला वाटलं होतं ती बघू शकणार नाही. वर्षभर मी हेच धरून बसलो होतो, की पोरीला हे सहन होणार नाही. ती नुसती बघत नव्हती, बारकाईने बघत होती. तिने बोटं काचेला लावली तर चटचट आवाज झाला, तरी काढली नाहीत. मी तिच्या मागं उभा. भावजय खाली जमिनीवर. खालून एसटीचे हॉर्न येत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मेणबत्ती निम्मी झाली होती.

मग ती उठली. तिने स्वतः डावा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि मागं सरकली. आणि मी जे बघितलं ते मला अजून खरं वाटत नाही. डबा जसजसा लांब गेला, तसतसा बायकोच्या गालावरचा निळा रंग उतरत गेला. हातभर लांब गेल्यावर गाल पहिल्यासारखा गोरा झाला, दोन हात गेल्यावर ओठ लाल झाले. मेलेलं तोंड माझ्या डोळ्यांदेखत जितं झालं. भावजय उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले. उजवा डबा मी उचलला. तो टेबलावर आपटला.

पडदा दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर उरलेले डागही गेले. एका कोपऱ्यात मात्र रुपयाएवढी हिरवट छटा राहिलीच. ती पुढं कितीतरी महिने होती.

पोरगी तोंड धुऊन आली. भावजयीला उठवलं, म्हणाली, "काकी, खाली जाऊन लोकांना वर बोलाव. म्हणावं वायरीचा घोटाळा होता, आता नीट झालाय. आणि खोबरं घेऊन या."

मग माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं.

"अडीच तास, आबा. मी वर्षभर ते अडीच तास मोजत बसले." ती पदरासारखं ते पिवळं लुगडं अंगाभोवती घेऊन उभी राहिली.

जिन्यावर पावलं वाजायला लागली, तशी तिने लुगडं घडी करून बाजूला ठेवलं. डबे भिंतीकडच्या स्टुलांवर नेऊन ठेवले, दोन हात लांब. मला म्हणाली, "आजच्या दिवस हे राहू देत. उद्या नगरला जाऊन बदलून आणा. ते झाकलेले आणा."

"बरं."

"आणि जाताना पाना घरी ठेवून जा."

मी खिशातून पाना काढला आणि तिच्यापुढं धरला. तिने तो घेतला, जरा वेळ हातात तोलला, आणि दाराजवळच्या टेबलाच्या खणात, सगळ्यात मागं, पडद्यापासून लांब ठेवून दिला.